हेस्टरच्या जिवावरची जमीन

चर्चची किल्ली हेस्टर स्पार्लिंगच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. उन्हाळ्यात कॅनडाहून माणसं येत. आधी किल्ली मागत, मग पूर्वज. एकसष्ट वर्षांची हेस्टर हात पुसून दोन्ही काढून देई.

लिमरिकच्या या टापूत पावणेतीनशे वर्षांपूर्वी ऱ्हाइनकाठची काही कुटुंबं येऊन राहिली. स्पार्लिंग त्यांतलेच. कोण कोणाचा मुलगा, कोण कधी गेला, हे शोधायला जावं तर जनगणनेचे कागदच नाहीत. काही सरकारनं लगदा करायला दिले, काही १९२२ साली डब्लिनच्या आगीत जळाले. चर्चची जन्ममृत्यूची पुस्तकं तर तिथं सुरक्षित राहतील म्हणून मुद्दाम पाठवली होती. तीही जळाली. उरले थडग्यांचे दगड, जमिनीचे पट्टे आणि हेस्टर.

तिच्याकडे वडिलांची पत्र्याची पेटी होती. पेटीत १७७२चा पट्टा. त्या काळी जमीन वर्षांच्या मुदतीनं नव्हे, जिवांच्या मुदतीनं मिळे. पट्ट्यात तीन जीव लिहायचे. त्यांतला शेवटचा मरेपर्यंत जमीन तुमची. माणसं अर्थातच घरातली सगळ्यात लहान मुलं लिहीत. स्पार्लिंगांनी लिहिली होती: ख्रिस्तोफर, वय नऊ, अ‍ॅडम, वय सात, हेस्टर, वय चार. ख्रिस्तोफर नदीत बुडाला. अ‍ॅडम कॅनडाला गेला, आणि समुद्रापलीकडचा माणूस जिवंत आहे हे जमीनदाराला दाखवणार कसं? राहिली हेस्टर. दर वसंतात जमीनदाराचा कारभारी घोड्यावरून यायचा, तिला उंबऱ्यात उभी करून डोळ्यांनी बघायचा आणि जायचा. तिला लग्न करून लांब जाऊ दिलं नाही, होडीत बसू दिलं नाही. नव्वदाव्या वर्षी गेली, असं दगडावर कोरलंय. नव्वदीतही तिचे दात शाबूत होते, असं घरात कौतुकानं सांगत.

तेव्हापासून दर पिढीत एक हेस्टर. ती घरात राहते. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ते कधी चुकलंही नव्हतं.

आताची हेस्टर बावीस वर्षांची असताना कॉर्कच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायला निघाली होती. ट्रंक आणली होती. वडिलांनी पत्र्याची पेटी टेबलावर ठेवली, पट्टा उलगडला आणि चहा पीत बसले. पट्ट्याची मुदत संपून तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती, जमीन कधीच स्वतःची झाली होती. तरी ती थांबली. त्या ट्रंकेत आता कोंबड्यांचं खाद्य असतं.

आणि आता घड्याळामागे नवा कागद खोचलेला होता. भाऊ जेकब जमीन दोघांच्या पुतण्याच्या नावावर करत होता. कागदात लिहिलं होतं की दक्षिणेकडची खोली, जळण आणि जेवण हेस्टरला तहहयात मिळेल. तिनं जेकबचं आणि घराचं बघावं. घर सोडलं तर हक्क संपला. शुक्रवारी रॅथकीलला वकिलाकडे दोघांनी सही करायची होती. चुलतबहीण रूथनं डब्लिनजवळच्या ब्रेहून तिसऱ्यांदा लिहिलं होतं की समुद्राकडची खोली रिकामी आहे. त्या पत्राला हेस्टरनं उत्तर दिलं नव्हतं. कागद तिनं इतक्यांदा वाचला होता की ‘तहहयात’ शब्दापाशी घडी फाटत आली होती.

बुधवारी सकाळी व्हर्ना स्पार्लिंग आली. ओंटारिओची, अ‍ॅडमच्या वंशातली, गुडघ्यांनी अधू आणि बोलण्यात उतावीळ. चर्च बघून झाल्यावर ती चहाला बसली आणि पिशवीतून एक पिवळं पान काढलं. अ‍ॅडमच्या बायबलमधलं, त्याच्या हातचं. त्यात भावंडांचे जन्ममृत्यू होते. एक ओळ तिला जुळत नव्हती.

“तुमच्या दगडावर हेस्टर नव्वदाव्या वर्षी गेली. अ‍ॅडम लिहितो, हेस्टर देवीच्या साथीत गेली, सहाव्या वर्षी. म्हाताऱ्याचा गोंधळ झाला असेल, नाही का?”

हेस्टरनं पान खिडकीशी नेलं. त्याखालची ओळ कॅथरीनची होती, १७७३चा जन्म. मृत्यूची जागा कोरी. या गावात कॅथरीन स्पार्लिंगचा ना दगड होता, ना लग्न, ना कुठं नाव.

तिला समजायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. कारभाऱ्याला एक मुलगी दाखवायची होती. एक वर्षाची कॅथरीन होती घरात. एखादा वसंत आजाराचं निमित्त सांगून काढला असेल, पुढं मूल अशक्त आहे म्हणून सांगितलं असेल. मग चौऱ्याऐंशी वर्षं ती पोर मेलेल्या बहिणीच्या नावानं उंबऱ्यात उभी राहिली. आणि अ‍ॅडमला खरं लिहिता आलं ते समुद्र ओलांडल्यावर, जिथं कारभारी वाचायला येणार नव्हता.

“गोंधळ नाही,” ती म्हणाली. “तुमच्या यादीत एक बाई वाढवा.”

व्हर्ना खुशीत लिहून घेऊन गेली. दुपारी जेकब जेवायला आला. हेस्टरनं बटाटे चुलीवर चढवले होते. ती त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. त्यानं मीठ जवळ ओढलं.

“जमीन तर राहिली ना?” तो म्हणाला.

“राहिली.”

“मग झालं. मेलेल्यांची लफडी कशाला उकरायची, हेटी?”

तिनं घड्याळामागचा कागद काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“शुक्रवारी तू एकटाच जा. मी सही करणार नाही.”

तो हसला. मग तिच्याकडे बघून थांबला. “वेड लागलंय का? आमचं कोण बघणार?”

“हेस्टर बघायची. ती सहाव्या वर्षीच गेली.”

“आणि तू जाणार कुठं या वयात?”

ब्रेची बस कुठून सुटते हेही तिला माहीत नव्हतं. लिमरिकच्या पुढं ती दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा मयताला. खिळ्यावरची किल्ली इथूनही दिसत होती.

चुलीवर पाणी उतू जाऊ लागलं. झाकण खडखडलं.

“बटाटे,” जेकब म्हणाला.

“ऐकू येतंय मला,” हेस्टर म्हणाली, आणि बसून राहिली.