मुठीचा डबा

घरात वजनकाटा ठेवणारा माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मी वजनमापे खात्यात आहे, दुकानदारांचे काटे तपासणं हेच काम. शिवाय आम्ही ख्रिस्ती. ताईत, अंगारा, बाहेरची बाधा... हे आमच्या घरात कधी चाललं नाही. तरी जे झालं ते लिहितो. पदरचं काही घालत नाही.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. बायको एस्तेर, माहेर तेल्हाऱ्याचं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांची एक रीत आहे. भात लावताना आधी एक मूठ तांदूळ काढायचे, "प्रभू, आधी तुझं" म्हणायचं आणि वेगळ्या डब्यात टाकायचे. डबा भरला की चर्चमध्ये द्यायचा. तिथून ते गरजूंच्या घरी जातात. एस्तेरने ही मूठ कधी चुकवली नाही. एकदा गंमत म्हणून मी ती काट्यावर तोलली. चाळीस ग्रॅमच्या आसपास भरली. माझी साठ.

"माझी मूठ मोठी, मीच टाकत जाऊ का?" मी चिडवलं.

"तुमी कधी टाकसान? अन् देवाच्या मुठीले काटा नसते लावत जी!"

गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. मुलगी ग्रेसी अकोल्यात असते, म्हणून तिथल्या दवाखान्यात ठेवलं. मंडळीने उपास-प्रार्थना केल्या. मीही गुडघे टेकले. शेवटी शेवटी बोलायलाही तिला दम लागायचा, तरी विचारलंच, "घरी मूठ कोन टाकते?"

"घरी भात लावतो कोण?"

"मंग लावसान तवा टाकजा."

मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती गेली.

अमरावतीला माती दिली. त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. जेवणाआधीची प्रार्थनाही सोडली. मंडळीतल्या बायकांनी डबा रिकामा करून, धुऊन परत आणून दिला, तो तसाच फळीवर ठेवला. मूठ टाकायचा प्रश्नच नव्हता... कोणासाठी टाकायची?

काही दिवसांनी फळी पुसताना डबा उचलला, तर जड लागला. आत तांदूळ.

ग्रेसीला फोन केला. "तू येऊन गेलीस का?"

"बाबा, मी अकोल्यालेच आहो. काय करून राहिले तुमी? जेवले का नीट?"

किल्ली फक्त माझ्याकडे. मग मी माझं काम सुरू केलं. कुकर लावण्याआधी आणि नंतर दोन्ही डबे तोलले, मुठीचा आणि रोजच्या तांदळाचा. मी नळापाशी तांदूळ धुवायला वळायचो, तेवढ्यात मुठीच्या डब्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास वाढलेले असायचे आणि रोजच्या डब्यातून मी घेतलेल्यापेक्षा तेवढेच जास्त कमी झालेले. म्हणजे हवेतून काही येत नव्हतं. पोळी खाल्ली त्या दिवशी काही नाही. मीच नकळत टाकत असेन म्हणाल, तर माझी मूठ साठची.

भीती नाही वाटली. मला शुगर आहे, तरी मी दोन्ही वेळ भात लावू लागलो.

एका संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. त्यांना सगळं सांगितलं.

"प्रभूत गेलेली माणसं विसावा घेतात, भाऊ," ते म्हणाले. "भात लावायला परत येत नाहीत."

मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. मग प्रार्थना केली आणि गेले.

विसावा हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. ही बाई जन्मभर सगळ्यांच्या आधी उठली. दवाखान्यात म्हणायची, "लय थकली जी मी." आणि माझ्या हट्टापायी अजून तिलाच मूठ टाकावी लागत असेल तर? जी मूठ मी टाकायची, ती?

त्याच संध्याकाळी तांदूळ घेतले. "प्रभू..." इतकंच तोंडातून निघालं. पुढचे शब्द यायला वेळ लागला. मूठ टाकली. डबा तोलला. साठ वाढले होते. कुकर झाला, जेवण झालं, पुन्हा तोलला. साठच.

रविवारी डबा घेऊन चर्चला गेलो. बायकांच्या बाजूला तिची जागा कोणी घेतली नव्हती.

तेव्हापासून डब्यात फक्त माझीच मूठ पडते. याचा उलगडा मला झालेला नाही. प्रभूने केलं म्हणावं, तर त्याने तिला का ठेवलं नाही, हेही कळलेलं नाही. तरी चर्चला जातो, प्रार्थना करून जेवतो आणि डबा तोलतो. एकदा तरी काट्यावर शंभर यावेत... साठ माझे, चाळीस तिचे.

कधी कधी भरलेली मूठ डब्यावर तशीच राहते. वाटतं, आज नाहीच टाकली तर ती येईल. मग तिचा तो थकलेला चेहरा आठवतो, आणि मी मूठ उघडतो.