नव्वद गोळ्यांचा कोर्स

पेणच्या डॉक्टरांनी मनस्वीला जे औषध लिहून दिलं ते माशाचं तेल होतं, आणि जोहे गावातल्या ज्या घरात ते द्यायचं होतं त्या घरात आठवड्याचे तीन दिवस मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. डॉक्टर आपल्या जागी ठाम होते, घर आपल्या जागी. मधल्या जागेत मनस्वीची आई, मैना होती.

मैना गुणाजीशेटच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला बसायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाला रंग कोणीही मारतं, सोंडेवरची नक्षीही दोन वर्षांत शिकता येते, पण डोळे काढणारं माणूस पंचक्रोशीत बोटांवर मोजण्याइतकं. मैनेचा हात इतका स्थिर की बाहेर एसटीने हॉर्न मारला तरी बुबुळाची रेघ केसभर हलायची नाही. "हिचा हात थंड हाय, तोंड तेवढं गरम," असं गुणाजीशेट म्हणायचा, आणि हात हवा असल्यामुळे तोंड सहन करायचा.

तिचा नवरा निलेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर होता. रोह्यात चौघांत मिळून खोली, आणि सुट्टीला घरी. घरी सासू ठमाबाई. ठमाबाईचा जन्म मिठागरात राबण्यात गेला होता आणि उरलेला उपासांत. आणि मनस्वी, जी अठ्ठ्याण्णव सालच्या पौषात चार वर्षांची झाली आणि जिच्या तोंडून अजून 'आई' निघालं नव्हतं.

हे कुणाला फारसं खुपत नव्हतं. "निलेशपन पाच वर्षांचा होईस्तवर मुका होता," ठमाबाई म्हणायची. पुढे तरी त्याने असं काय मोठं बोलून दाखवलं, हे मैना मनात म्हणायची. शेजारच्या बायकांनी वेखंड उगाळून झालं, मध चाटवून झालं. एकीने पोरीला पोपटाचा उष्टा पेरू भरवायला सांगितलं. पोपट मिळाला, त्याने पेरू खायला नकार दिला, आणि तो इलाज तिथेच संपला.

मैनेला खुपत होतं ते वेगळंच. कारखान्यात रंगाच्या फवाऱ्यासाठी एक कंप्रेसर होता. तो सुरू झाला की पत्र्याचं अख्खं छप्पर थरथरायचं, कामाला नवीन आलेली माणसं जागच्या जागी उडायची. मनस्वी त्या कंप्रेसरपासून चार हातांवर पोत्यावर झोपलेली असायची, आणि झोपलेलीच राहायची.

"काय गुणाची पोर हाय गो तुझी," सगळे म्हणायचे.

मैनेने एकदा हातातला ब्रश खाली ठेवला, पोरीच्या मागे जाऊन पत्र्याच्या डब्यावर दगड आपटला. कारखान्यातली अकरा माणसं वळली. मनस्वी वळली नाही.

तिसऱ्याच दिवशी ती पोरीला घेऊन पेणला गेली.

डॉक्टर वाईट नव्हते. मुलांचे डॉक्टर म्हणून पेणमध्ये त्यांचं नाव होतं. बाहेर बाकावर रोज पन्नास माणसं असायची, आणि पन्नास माणसांच्या मानाने ते मैनेशी बरंच बोलले. टेबलावर एका औषध कंपनीचं गुळगुळीत पत्रक होतं, त्यावर एक गोरं पोर तोंड उघडून हसत होतं. डॉक्टरांनी त्या पोराकडे बोट दाखवून समजावलं, की मेंदू हा बराचसा चरबीचाच असतो, ती चरबी कमी पडली की बोलणं रखडतं, आणि परदेशात आता अशा मुलांना माशाचं तेल देतात.

"साहेब, पन हिला ऐकू येत नाय असं मला वाटतं," मैना म्हणाली.

"ते बघू नंतर. आधी हे."

"आन आमी तर मासळीच खातो. खाडीकाठचीच मानसं आमी."

"तुमच्या मासळीत हे तेल नसतं. हे थंड समुद्रातल्या माशांचं."

"म्हंजे आमच्या माशांना थंडी वाजत नाय, म्हनून पोर बोलत नाय?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नव्वद गोळ्यांची बाटली दिली. पिवळ्या, पारदर्शक, मण्यांसारख्या. रोज एक, टाचणीने भोक पाडून भातावर पिळायची. सलग तीन महिने. "तेवढ्याने फरक नाही पडला, तर मुंबईला कान तपासायला चिठ्ठी देतो. पण सलग. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून."

हे वाक्य मैनेने नीट ऐकलं. तिला तेलाचा भरवसा नव्हता. तिला चिठ्ठी हवी होती, आणि चिठ्ठी तेलाच्या पलीकडच्या काठावर होती.

एक महिन्याने डॉक्टरांनी बाटली मागवून गोळ्या मोजल्या. साठ उरायला हव्या होत्या, चौऱ्याहत्तर निघाल्या.

"या चौदा?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार," मैना म्हणाली. "आन एक संकष्टी."

या वेळी चूक तिचीच होती, आणि तिला ती चूक वाटलीही नव्हती. त्या दिवशी घरात सुकटीचं भांडंसुद्धा कोणी उघडत नाही. भातावर माशाचं तेल कसं पिळणार? रोज म्हणजे रोज, हे तिला कळत होतं. फक्त त्या 'रोज'मध्ये सोमवार धरायचा असतो, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांनी कार्डावरची तारीख खोडली आणि नवी घातली.

दुसऱ्या खेपेला तिने सासूला न विचारता सोमवारीही गोळी द्यायची असं ठरवलं. म्हणून बाटली घरी न ठेवता कामाच्या पिशवीत ठेवली, आणि दुपारच्या डब्यातल्या भातावर कारखान्यातच पिळू लागली. हे दोन महिने चाललं. एप्रिलात गुणाजीशेटला वास आला. त्याच्या कारखान्याचा नियम होता, की आखणीला बसणाऱ्याने मासळीला शिवायचं नाही. डोळे काढले की मूर्तीत देव येतो, अशी त्याची समजूत होती, आणि देव आल्यावर त्याला पहिला वास बोंबलाचा यावा, हे त्याला पटत नव्हतं.

"शेट, औषध हाय पोरीचं."

"औषधाला औषधाचा वास मारावा. ह्याला बाजाराचा मारतोय. भायेर ठेव ती बाटली."

बाहेर म्हणजे कुंपणाच्या खांबाला पिशवी टांगून. एप्रिलचं ऊन. तीन दिवसांनी मैनेने बाटली उघडली तेव्हा उरलेल्या सगळ्या गोळ्या एकमेकींना मिठी मारून एक मोठी गोळी झाली होती. ती तिने डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी बाटली उलटी करून पाहिली, हलवून पाहिली, आणि नवी बाटली दिली. कार्डावर तिसरी तारीख पडली. मेची सहा, बुधवार.

"साहेब, साठ दिवस झालेत. पोर एक अक्षर बोलली नाय. चिठ्ठी द्या ना."

"साठ दिवसांवरून काही सांगता येत नाही. शास्त्र आहे."

मग मैना चिठ्ठीशिवायच मुंबईला गेली. पहाटेची एसटी, काखेत पोर, मोठं इस्पितळ. तिथल्या खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "चिठ्ठी?" तिने सांगितलं, चिठ्ठी नव्वद दिवसांनी मिळणार आहे. "मग नव्वद दिवसांनी या," तो म्हणाला. त्याच्या बाजूने हे इतकं सरळ होतं, की भांडायला जागाच नव्हती. ती तरी थोडं भांडली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ती रोह्याला नवऱ्याकडे गेली. पेणहून पॅसेंजर धरली. कासू स्टेशनात गाडी कारण नसताना अर्धा तास उभी राहिली, आणि मैनेला वाटलं, आपल्या भोवतालचं सगळंच असं कुठल्यातरी कासूला उभं आहे. धाटावच्या गेटवर शिफ्ट सुटेपर्यंत ती पोरीला घेऊन थांबली. निलेश बाहेर आला तो मोठ्याने बोलतच. दिवसभर पंपांच्या घरघरीत राहून त्याला हळू बोलता येईनासं झालं होतं.

"ऐकू येतं हिला!" तो रस्त्यावर ओरडला. "मी घरी हाक मारली की बघते ती!"

"तुमी हाक मारताना पाय आपटता. जमीन हालते म्हनून बघते."

"कायतरीच तुझं."

"आता मारा हाक. पाय न हालवता."

निलेशने आजूबाजूला पाहिलं. शिफ्टची माणसं स्कूटरी काढत होती, दोघेतिघे ओळखीचे थांबून बघत होते. त्याने हाक मारली नाही. "डाक्टर शिकलेला मानूस हाय," तो म्हणाला. "कोर्स पुरा कर. मंग बघू." आणि पोरीला वडापाव घेऊन दिला.

म्हणून कोर्स पुरा करायचा ठरला. सहा मेपासून मैनेने बाटली घरात, थंड जागी, पाण्याच्या माठाखाली ठेवली. ठमाबाईला समोर बसवून सांगितलं, "आत्या, हे औषध हाय. औषधाला वार नसतो. डाक्टरांनी सांगितलंय, रोज." ठमाबाईने मान डोलावली. जून गेला. जुलैत कारखान्यात हजारभर मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या, म्हणून मैना उजाडायच्या आत निघायची आणि दिवे लागल्यावर यायची. गोळी द्यायचं काम ठमाबाईकडे गेलं. रोज संध्याकाळी मैना बाटली मोजायची. रोज एक कमी. तिला बरं वाटायचं. पोर बोलत नव्हतीच, पण आकडा उतरत होता.

नव्वदावा दिवस तीन ऑगस्टला आला. श्रावणातला दुसरा सोमवार. मैना सुट्टी घेऊन, पोर, सासू आणि रिकामी बाटली अशी पेणला पोचली. ठमाबाईला आणायची गरज नव्हती, पण तिला त्या बाजूच्या देवळात जायचं होतं.

डॉक्टरांनी बाटली पाहिली, आनंदाने मान हलवली, कागद पुढे ओढला. पेनचं टोपण काढता काढता त्यांनी ठमाबाईला सहज विचारलं, "काय आजी, दिलीत ना रोज?"

"दिली तर! रोज दिली," ठमाबाई म्हणाली. "श्रावन लागेपरंत."

पेन थांबलं.

"आन श्रावनातल्या?" मैनेने विचारलं.

ठमाबाईने कमरेची पिशवी सोडली. आत बुक्क्याची पुडी, सुपारी, आणि कागदात गुंडाळलेल्या अकरा पिवळ्या गोळ्या. तिने त्या टेबलावर ठेवल्या. चेहऱ्यावर जपून ठेवल्याचं समाधान होतं. "फुकट नाय घालवली येकबी. गनपती झालं की देऊन टाकू सगल्या. पोरीला श्रावनात बाटवू कशी गो?"

"मंग रोज बाटलीतून काढत कशाला होतात?"

"तू मोजतेस ना. तुला बरं वाटावं म्हनून."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. ते चिडले नाहीत, ते थकले होते. "बघा, अकरा दिवसांचा खंड. माझाही नाइलाज आहे. नवी तारीख…"

मैनेने टेबलावरच्या गोळ्या ओंजळीत घेतल्या. कोपऱ्यात कंपाउंडर विठूचा पाण्याचा तांब्या होता, तो उचलला. चार गोळ्या तोंडात टाकून चावल्या, वर पाणी प्यायली. मग आणखी चार. मग तीन.

"अगो, आज सोमवार हाय!" ठमाबाई किंचाळली.

मैनेने तोंड पुसलं. तोंडाला बोंबलाचा वास येत होता, तो दारातल्या बाकापर्यंत गेला असावा, कारण बाहेरची माणसं वाकून बघायला लागली होती.

"साहेब, गोळ्या संपल्या," ती म्हणाली. "जोह्याच्या घरात तुमचे नव्वद दिवस लागोपाठ येत नायत. ह्या वर्साला नाय, पुढच्याला नाय. गनपती, मंग पितर, मंग नवरात्र, मंग मार्गशीर्ष. तुमी तारखा घालत राहाल आन पोर म्हातारी होईल. चिठ्ठी द्या, नायतर मी हिथंच बसते. माज्या मागं चाळीस मानसं हायत."

डॉक्टरांनी बाहेरच्या चाळीस माणसांकडे पाहिलं. शास्त्राचा प्रश्न होता, पण दवाखाना दीडला बंद व्हायचा होता. त्यांनी चिठ्ठी लिहिली. विठूने ती दाराशी वाचून दाखवली: कोर्स पूर्ण, फरक नाही, कानांची तपासणी करावी.

गुणाजीशेटने दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायला नकार दिला. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मैना तरीही गेली. जाताना निरोप ठेवला, की देवांनी एक दिवस डोळे मिटून राहावं.

मुंबईत त्याच खिडकीतल्या त्याच माणसाने वर न बघता चिठ्ठी घेतली. मनस्वीला एका छोट्या, गादीच्या भिंतींच्या खोलीत बसवून कानांवर मोठे भोंगे चढवले. काचेच्या अलीकडे एक तरुण बाई बटणं फिरवत होती. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला, काट्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. पोर भोंग्याची वायर बोटाला गुंडाळून खेळत होती. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

"दोन्ही कान," बाई म्हणाली. "खूपच कमी ऐकू येतंय हिला. बहुतेक जन्मापासून. यंत्र लावावं लागेल, बोलायला शिकवावं लागेल. दोन-अडीच वर्षांची असताना आणली असतीत तर बरंच सोपं गेलं असतं. निदान या वर्षाच्या सुरुवातीला तरी. काय करत होतात इतके महिने?"

मैनेने तोंड उघडलं. तिला सोमवार सांगायचा होता, गुरुवार, शनिवार, कुंपणाचा खांब, कासू, श्रावण. बाईच्या मागे पुढच्या नंबरचा पुकारा झाला.

"माशाचं तेल देत होतो," मैना म्हणाली.

बाईने ते कागदावर लिहून घेतलं.