आमच्या नियामक मंडळाचे अनुमोदक

माझ्या साडूंचा हेवा न करता ज्यानं आयुष्य काढलं असा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांना कधी भेटलेला नसणार. मी मात्र त्यांना वर्षानुवर्षं भेटत आलो आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान. म्हणजे नात्यानं मी थोरला. पण खांब गावी सासुरवाडीत पंगत बसली की हे थोरलेपण पाटापुरतंच उरतं. पाट मला पहिला मिळतो आणि वालाचं बिरडं त्यांच्या पानात पहिलं पडतं. सासूबाई स्वयंपाकघरातून आपल्या लेकीला बजावतात, "त्यांना वाढ गो आधी, ते लाजतात मागाया." साडूंना लाजताना सासूबाईंखेरीज कोणी पाहिलेलं नाही. मी खरोखरच लाजतो, तर सगळे म्हणतात, मास्तर जरा गर्विष्ठ आहेत.

हे सासुरवाडीपुरतं असतं तर मी कुरकुर केली नसती. पण साडू आमच्या कॉलेजच्या नियामक मंडळावर आले, आणि तेही माझ्याच घटनेतून. घटना म्हणजे संस्थेची. ती मी लिहिली. रोह्याच्या हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर ती लिहिण्यात मी एक अख्खा पावसाळा घालवला. आमचं कॉलेज नागोठण्याच्या अलीकडे, हमरस्ता आणि रेल्वे यांच्या मधल्या माळावर. पेणकरांना ते रोह्याचं वाटतं आणि रोहेकरांना पेणचं, म्हणून मंडळात निम्मे सभासद पेणचे आणि निम्मे रोह्याचे असावेत, असं कलम मी घातलं. एकदा पेणच्या बाजूची एक जागा रिकामी झाली, आणि नेमके त्याच दिवशी साडू माझ्या बायकोसाठी पापडांचा डबा घेऊन बैठकीच्या दारात उभे राहिले. त्यांची भाताची गिरण कासूला. मंडळावरचे पेणचे डॉक्टर म्हणाले, "कासू म्हणजे पेणच की. यांनाच घ्या." मी घटनेत पापडांविषयी काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

मला मंडळाचा अध्यक्ष व्हायचं होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. अध्यक्षांच्या खुर्चीला हात होते आणि पाठीला गादी होती. बाकी सगळ्यांच्या खुर्च्या लोखंडी, घडीच्या. जुने अध्यक्ष वयानं थकले होते, त्यांना ऐकू कमी यायचं, आणि त्यांच्यानंतर मीच, असं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे धरून चालले होते. मीही धरून चाललो होतो. घरी आरशासमोर "मंजूर" हा शब्द कसा उच्चारायचा, याचा थोडा सराव मी केला होता. तेवढ्यात साडू आले आणि लोकांची माया त्यांच्याकडे उताराच्या पाण्यासारखी वाहू लागली.

मंडळाचा नियम साधा. कोणी सूचना मांडली की दुसऱ्या कोणीतरी "माझं अनुमोदन" म्हणायचं, तरच ती पुढे जाते. साडूंना हा नियम पहिल्याच बैठकीत कळला आणि तेवढाच कळला. प्राचार्य परिसराचा अहवाल वाचू लागले, कूपनलिकेला पाणी किती लागलं, प्रयोगशाळेचं छप्पर कुठे गळतं, सायकल स्टँडवर कोणाच्या म्हशी बांधलेल्या सापडल्या, की साडूंची मान हळूहळू छातीवर यायची. सूचना मांडली गेली की ती मान आपोआप वर, आणि खणखणीत आवाज, "माझं अनुमोदन." कित्येकदा वाक्य पुरं होण्याच्या आत. एकदा प्राचार्यांनी शिपायाला खिडकी लावून घ्यायला सांगितलं, तर त्यालाही अनुमोदन मिळालं आणि कारकुनानं ते इमानेइतबारे इतिवृत्तात उतरवलं. हळूहळू बाकीच्यांची अनुमोदन द्यायची सवयच गेली. घरात एक माणूस विहिरीवर जाणारा असला की बाकीचे कळशीकडे बघत नाहीत, तसं झालं.

कॉलेजच्या फाटकाचंच घ्या. फाटक हमरस्त्याकडे असावं, अशी सूचना मी मांडली. सोबत नकाशा होता, एसटीच्या वेळा होत्या, मी दोन पेन्सिली झिजवल्या होत्या. साडू म्हणाले, माझं अनुमोदन. मग पेणच्या डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की फाटक रेल्वेच्या बाजूला असावं. साडू म्हणाले, माझं अनुमोदन. मतं समसमान पडली, जुन्या अध्यक्षांना दोन्ही सूचना ऐकू आल्या नव्हत्या, आणि शेवटी दोन फाटकं बांधायचं ठरलं. आज बाहेरचा कोणीही पाहुणा आला की म्हणतो, दोन फाटकं ठेवणारा माणूस दूरदृष्टीचा असला पाहिजे. मग लोक त्याला आमच्या साडूंकडे बोट दाखवतात.

त्या दिवशी परतताना एसटीची वाट बघत मी त्यांना चांगलंच सुनावलं. दोन उलट गोष्टींना अनुमोदन देणं म्हणजे काहीच न देण्यासारखं आहे, वगैरे. साडूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अवो साडूभाऊ, माणूस चारचौघांत उभा राहून बोलतो. त्याचं बोलून झाल्यावर कोण काय बोललंच नाय, तर त्यानं बसायचं कसं?" एसटी आली आणि मी घाईघाईनं आत चढलो.

बैठकीच्या दिवशी ते सकाळपासूनच येऊन बसत. बसत म्हणजे शब्दशः. एकेका वर्गात शिरून बाकं टिकाऊ आहेत की नाहीत हे स्वतः बसून बघत, आणि त्यांचं वजन पाहता ती परीक्षा कडक असे. वर्गात तास चालू असला तर तो पुरता ऐकूनच उठत. अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले होते. त्यांनी शेवटच्या बाकावर हा धोतरवाला विद्यार्थी बघितला, पुस्तक कुठे आहे म्हणून विचारलं, आणि नाही म्हटल्यावर वर्गाबाहेर काढलं. साडू निमूटपणे व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, तास संपेपर्यंत. पुढे त्याच प्राध्यापकांना नोकरीत कायम करण्याचा विषय आला तेव्हा ते बिचारे दाराशी घामाघूम होऊन उभे होते. साडू म्हणाले, "शिस्तीचा माणूस हाय. माझं अनुमोदन." ते प्राध्यापक आजही साडू दिसले की वाकून नमस्कार करतात. मी त्यांच्या नेमणुकीची सगळी कागदपत्रं तयार केली होती. मला बघून ते नुसती मान हलवतात.

सगळ्यात जास्त लागलं ते मुलींच्या खोलीचं. खेड्यापाड्यांतून, खाडीकाठच्या खारेपाटातून मुली कॉलेजात यायला लागल्या होत्या आणि दोन तासांच्या मधे त्यांना बसायला जागा नव्हती. जिन्याखाली उभ्या राहायच्या. त्यांच्यासाठी वेगळी खोली हवी, ही सूचना माझी. तीन बैठका मी तिच्यासाठी भांडलो. डॉक्टरांशी भांडलो, प्राचार्यांशी अबोला धरला. खोली झाली. साडूंनी काय केलं, तर अनुमोदन दिलं, आणि उद्घाटनाच्या दिवशी कासूहून रेल्वेनं एक मोठा आरसा काखेत धरून आणला. वाटेत डब्यातल्या सगळ्यांनी त्यात आपापली तोंडं पाहिली म्हणे. मुलींनी माझं भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि गुलाबाचं फूल दिलं ते आरसेवाल्या काकांना. ती खोली कोणामुळे झाली असं आज विचारा. कोणीही आरशाकडे बोट दाखवील.

त्यात आमच्या घरातून तेल ओतलं जायचं. मेहुणी म्हणाली आज आमटी नको, कढी करते, तर साडू तिथेही अनुमोदन देतात. मग माझी बायको म्हणते, "भावजींसारखं एकदा तरी 'बरोबर आहे तुझं' म्हणून बघा." मी म्हटलं, बरोबर असेल तेव्हा म्हणेन. यावर तिनं आठवडाभर कढी केली.

कॉलेजात पहिला संगणक आला त्या वर्षी जुन्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं, म्हणून साडूंनी पायही धुतले, आणि आत जाऊन त्या यंत्राला हात जोडले. प्राचार्यांनी परिसराच्या अहवालात हे सगळं हसत हसत सांगितलं आणि मग पुढचा विषय पुकारला, नव्या अध्यक्षांची निवड. मी इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो. पेणच्या डॉक्टरांनी उभं राहून माझं नाव सुचवलं. माझ्याशी इतकी भांडणं झालेला माणूस, पण चांगलं बोलला. आणि बसला.

कोणी काही बोललं नाही.

सगळ्यांनी सवयीनं साडूंकडे पाहिलं. ते माझ्या शेजारीच बसले होते, नेहमीप्रमाणे. मान वर होती, डोळे उघडे होते, आणि ते छताच्या पंख्याकडे बघत होते. प्राचार्यांनी विचारलं, "अनुमोदन?" पंखा फिरत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. खिडकी बंद करायला अनुमोदन देणारा हा माणूस, म्हशी हाकलायला अनुमोदन देणारा, माझ्या नावाला गप्प. मला वाटलं, आलं लक्षात. सासुरवाडीचं बिरडं झालं, मुलींचं फूल झालं, आता यांना ही खुर्चीपण हवी आहे. आणि मागितली तर मिळणार होती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जुन्या अध्यक्षांनी तर कानाला हात लावून मोठ्यानं विचारलंच, "तुम्हाला व्हायचंय का?"

"मला कशाला?" साडू म्हणाले. "मला त्यातलं काय कळतं?"

"मग अनुमोदन द्या की," डॉक्टर म्हणाले.

साडू उभे राहिले. इतक्या वर्षांत बैठकीत ते कधी उभे राहिले नव्हते. "नाय जमणार," ते म्हणाले. "अध्यक्षानं स्वतः सूचना मांडायची नाय, असा नियम हाय. यांनीच लिवलाय. मंग हे तिकडं जाऊन बसले, तर हितं बोलंल कोण? मला बाकीचं काय समजत नाय, झोप येते. मी यांच्या बाजूला बसाया मिळतं म्हणून येतो." एवढं बोलून ते बसले आणि पुन्हा पंख्याकडे बघायला लागले.

असं ऐकल्यावर एखाद्या भल्या माणसानं आपलं नाव मागे घेतलं असतं. मला ते सुचलं नाही असं नाही. पण ती हातांची खुर्ची समोरच होती, आणि मी फार वर्षं तिच्याकडे बघत बसलो होतो. रोह्याच्या एका वकिलांनी घसा खाकरून अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या, मी उठून त्या खुर्चीत बसलो. गादी वाटली होती तितकी मऊ नव्हती. साडूंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ वाजवल्या, आणि संध्याकाळी घरी पेढे घेऊन आले. बायकोनं चहा आधी त्यांना दिला. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

वाटलं ते पुढच्या बैठकीत. माझी घडीची खुर्ची आमच्या ग्रंथपाल बाईंना मिळाली होती. नव्यानं मंडळावर आलेल्या, मितभाषी बाई. प्राचार्यांचा अहवाल चालू होता, साडूंची मान छातीवर पोचली होती, आणि बाई उभ्या राहिल्या. कासूकडची मुलं संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बाहेर बसतात, तोवर वाचनालय उघडं ठेवावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं, पण सांगता सांगता आवाज बारीक होत गेला आणि शेवटचे शब्द कोणाला ऐकूच आले नाहीत. साडूंना आले. त्यांचा आवाज खोलीभर घुमला. बाईंनी चमकून शेजारी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो धीर आला, तो माझ्याही चेहऱ्यावर दर वेळी येत असणार. तो मी आरशात कधी बघितला नव्हता. आरशासमोर मी "मंजूर"चा सराव करत होतो.

मी "मंजूर" म्हटलं. चांगलं म्हटलं. साडूंनी खिशातून भाजक्या शेंगांची पुडी काढली, मधोमध ठेवली आणि बाईंच्या बाजूला जराशी सरकवली. इतकी वर्षं त्या पुडीतल्या अर्ध्या शेंगा माझ्या असत, आणि मी त्या बैठकीच्या शिस्तीत बसत नाहीत म्हणून कुरकुरत खात असे. आता दर महिन्याला कोणी ना कोणी उभं राहतं, बोलतं, आणि साडू त्याला एकटं पडू देत नाहीत. अध्यक्षाला सूचना मांडता येत नाही. त्या खुर्चीत बसून मी प्रत्येक बोलणाऱ्याचा हेवा करतो, आणि पुढचा विषय घ्यायला सांगतो.