एस्तेरने पाळलेला शब्द

एस्तेर गेल्याची बातमी मला आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. शुक्रवारी दुपारी मेसेज आला आणि त्याखाली 'ॐ शांती'ची रांग लागली. बाई बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, पण आमच्या ग्रुपला त्याचं काय! शब्बाथ लागायच्या आत, म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वी, दफन उरकलंसुद्धा. मी गेले नाही. दोन आठवड्यांनी पनवेलमध्ये शोकसभा झाली, तिथे मात्र गेले आणि अडीच तास बसून सगळं ऐकलं. 'समतेच्या शाळेसाठी आयुष्य वेचलं', 'वंचित मुलांचा आवाज'... जिवंतपणी ज्यांनी तिला एका बैठकीला बोलावलं नाही, ते रुमालाने डोळे टिपत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मला बोलायचा आग्रह झाला, मी नाही म्हटलं. मग या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, 'तुम्ही त्यांच्या मैत्रीण ना?' लिहिते म्हटलं, पण गोड लिहिणार नाही हेही सांगितलं. मला त्या बाईचा राग होता आणि अजून आहे.

आमची शाळा रोडपालीपासून फार लांब नव्हती. गावकऱ्यांनी स्वतः विटा वाहून बांधलेली, पुढे सरकारने चालवायला घेतलेली, दोन शिक्षकी. गावातली आगरी मुलं आणि टेकाडापलीकडच्या आदिवासी वाडीवरची मुलं तिथे एकत्र शिकायची. एस्तेर शिक्षणावर संशोधन करायची. एके दिवशी स्कूटर लावून ती वर्गात आली, नमस्कार केला आणि मागच्या कोपऱ्यात वही उघडून बसली ती वर्षभर. रोज कोण आलं, कोण नाही, कोण कुणाशेजारी बसलं, मी कुणाला प्रश्न विचारला, सगळं लिहायची. 'आज तू वाडीवरच्या एकाही मुलीला फळ्यापाशी बोलावलं नाहीस,' असं मधल्या सुट्टीत चहा पिताना सांगायची, तेही साखर कमी आहे म्हणावं तशा सुरात. असा संताप यायचा की काय सांगू! स्वतः चाळीस मुलं एक दिवस सांभाळून दाखव म्हणावं. गावातल्या बायकांनी कौतुकाने बारीक कोळंबीचा जवळा खाऊ घातला, तर ही म्हणे, खवल्यांचेच मासे खाते. 'अगं, नियम किती पाळशील?' मी विचारलं. 'जमतील तितके,' ती म्हणाली.

तरी मैत्री झाली. ती संध्याकाळी मला स्कूटरवरून नवीन पनवेलला सोडायची आणि सिग्नलला थांबलो की बोलायचो. तिची सगळी भावंडं इस्राएलला गेलेली, ही एकटी इथे. तू का नाही गेलीस, विचारलं तर 'वही अर्धी आहे अजून,' असलं काहीतरी उत्तर द्यायची. एकदा अशाच बोलण्याच्या ओघात मी तिला सांगून टाकलं, की तपासणीचा दिवस आधी कळतो आणि त्या दिवशी वाडीवरच्या मुलांना मी सुट्टी देते. त्यांना धड वाचता येत नव्हतं. साहेबांसमोर शाळेची शोभा नको, शेरा चांगला मिळावा, एवढाच माझा हेतू. पुढच्या सिग्नलला तिने मान वळवली. मग म्हणाली, 'लिहू हे?' मी म्हटलं, 'लिही, पण नाव येता कामा नये.' तिने शब्द दिला. अहवाल छापून आला तेव्हा त्यात गावाचं नाव बदललेलं, शाळेचं बदललेलं, माणसांचीही बदललेली. संशोधनात तसा रिवाजच असतो म्हणे.

पुढच्या वर्षी आदेश आला. पट कमी म्हणून आमची शाळा हायवेपलीकडच्या शाळेत विलीन. गाव हादरलं. पट कमी कसा? तर तपासणीला साहेबांनी समोर बसलेली डोकी मोजली आणि हजेरीपटावरची वाडीची नावं बोगस ठरवली... तुमच्या लक्षात आलं असेलच.

शाळा समितीचे अध्यक्ष हसूरामभाऊ, स्वतःला वाचता येत नसतानाही, तो अहवाल घेऊन एस्तेरच्या घरी गेले. सोबत मीही होते. रोज किती मुलं हजर होती, याचा दिवसवार पुरावा त्या अहवालात होता. 'बाई, ही आमचीच पोरां हायत ना? मंग सायबाला एवढा लिवून द्या, का ही आमची शाला हाय.' एस्तेर म्हणाली, 'मला नाही देता येणार, भाऊ. मी शब्द दिलाय.' 'कोनाला?' हसूरामभाऊंनी विचारलं. तिने अहवाल मिटून त्यांच्या हाती परत दिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चहाच्या कपात बघत बसले होते. बाहेर पडताना भाऊ म्हणाले, 'आमच्या पोरांवर पुस्तक लिवला, आनि आता आमालाच वलकत नाय.' मी म्हटलं, 'अशीच असतात ही मोठी माणसं.'

त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात आली. 'शाळेत बाई तू एकटीच, शाळेचं नाव सांगितलं की तू ओळखू येणारच. मला शब्दातून मोकळी कर, शुभदा. एक सही दे.' मला निवृत्तीला तीन वर्षं होती. चौकशी लागली असती, पेन्शन अडकलं असतं, आणि वाडीवरच्या आया माझ्या दारात उभ्या राहिल्या असत्या, त्याची भीती सगळ्यांत जास्त. मी नाही म्हटलं. वर आवाज चढवून म्हटलं, 'एवढी समतेची काळजी आहे ना, मग मोड शब्द! मला कशाला विचारतेस?' ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. 'तुला दिलेला मोडला, तर पुढच्या गावातली बाई मला खरं का सांगेल?' एवढं बोलून ती गेली. मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं, की तिने मोडायला हवा होता. मुलांपेक्षा तिला तिचा शब्द मोठा वाटला. हा माझा तिच्यावरचा आरोप आहे आणि ती गेली म्हणून मी तो मागे घेत नाही.

शाळा बंद झाली. गावातली मुलं व्हॅनने कळंबोलीच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. वाडीवरची मुलं चार-आठ दिवस हायवे ओलांडून गेली, मग गेलीच नाहीत. एस्तेरला गावात पुन्हा कुणी पाय ठेवू दिला नाही. तिला शिव्या घालणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मला मात्र शाल मिळाली, निरोपसमारंभ झाला. त्यानंतर ती मला एकदाच भेटली, पनवेलच्या मासळी बाजारात. 'बरी आहेस?' तिने विचारलं. मी न ऐकल्यासारखं केलं. ती ओरडली असती, चार लोकांत माझं नाव घेतलं असतं, तर मला तिचा मोकळेपणाने द्वेष करता आला असता. तेवढंही सुख तिने दिलं नाही.

गेल्या आठवड्यात तिची एक विद्यार्थिनी घरी आली. एस्तेरच्या कपाटात प्रत्येक अहवालाची एक यादी निघाली होती, डावीकडे बदललेली नावं, उजवीकडे खरी. आपल्या माघारी त्या जाळून टाकाव्यात असं ती लिहून गेली होती. पण बाईंचं काम अपुरं राहू नये म्हणून त्याआधी आमच्या शाळेची यादी मुलीला पुरी करायची होती. 'यात एक जागा मोकळी आहे. तुम्ही त्यांच्या मैत्रीण, तुम्हाला आठवेल म्हणून आले,' ती म्हणाली. मी चष्मा लावला. गावाचं खरं नाव होतं, शाळेचं होतं, हसूरामभाऊंचं होतं, प्रत्येक मुलाचं होतं. 'शिक्षिका' या शब्दासमोर काहीच नव्हतं. जी यादी तिच्याशिवाय कुणी बघणार नव्हतं, तीतसुद्धा तिने मला लिहिलं नव्हतं. मुलगी पेन पुढे करून बसली होती. 'आठवत नाही,' मी म्हणाले. ती बिचारी आभार मानून गेली.

हसूरामभाऊ, तुमची नात आता कॉलेजात आहे असं ऐकते. तिच्याकडून हे वाचून घ्या. शब्द कोणाला दिला होता, असं तुम्ही त्या दिवशी विचारलंत. मला दिला होता. मी, शुभदा केळशीकर, तुमच्या शाळेतली बाई.