मुख्यतः कोरडे हवामान

हवामान कार्यालयात रोज दुपारी चार वाजता पुढच्या दिवसाचा अंदाज बाहेर पडे, आणि तो लिहिणाऱ्या गृहस्थांना अख्खा गाव 'अंदाजवाले' म्हणे. माणूस सरळमार्गी. बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्यांनी ढग, वारा आणि हवेचा दाब यांच्याशी संसार केला. घरातली साखर संपली तर त्यांना पत्ता नसे, पण दाबमापकाचा काटा जरा उतरला की जेवणात लक्ष लागत नसे. अशा माणसाकडून लबाडी व्हावी, हेच मुळात पटत नाही. पण झाली खरी, आणि तीही एवढ्याशा कारणावरून.

वसंताचे शेवटचे दिवस होते आणि हवा बिथरली होती. सकाळी ऊन, दुपारी काळोख, संध्याकाळी पुन्हा निरभ्र. अंदाजवाल्यांनी सलग चार दिवस 'बहुतेक ठिकाणी पाऊस' असं लिहिलं आणि चारही दिवस पाऊस गावाच्या वेशीपर्यंत येऊन दुसरीकडे निघून गेला. मग काय, लोकांना आयतंच सापडलं. फाटकाजवळचा चहावाला म्हणाला, "साहेब, कप झाकून देऊ का? तुमचा पाऊस पडायचा आत." बायको म्हणाली, "तुमच्या नादाने चार दिवस धुणं घरात वाळतंय. आता अंगावर घालायला तुमचे ते अंदाजाचे कागदच उरलेत." मोठ्या साहेबांनी तर फोन करून सांगितलं, "लोक हसताहेत हो आपल्याला. जरा बघा." यात वाईट वाटण्यासारखं फार काही नव्हतं. पण यांच्या ते मनाला लागलं.

पाचव्या दिवशी सकाळपासून दाब सारखा उतरत होता. वाऱ्याने दिशा बदलली होती, हवा चिकट झाली होती. नवशिक्यालाही कळावं इतकं सगळं उघड होतं. त्यांनी सवयीप्रमाणे 'बहुतेक ठिकाणी पाऊस' असं लिहिलंही. तेवढ्यात खिडकीतून चहाच्या टपरीवरचं हसणं ऐकू आलं. कशावरून हसत होते देव जाणे. यांचे कान मात्र गरम झाले. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'हवामान मुख्यतः कोरडे राहील.' मग तापमान, वारा, आर्द्रता, आणि सगळ्यात खाली, 'तुरळक ठिकाणी सरींची शक्यता नाकारता येत नाही.'

ही त्या कार्यालयातली जुनी युक्ती. वरची ओळ लोकांसाठी, खालची ओळ चौकशी झाली तर आपल्यासाठी. लोक फक्त वरची ओळ वाचतात, हे तिथल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. बावीस वर्षांत अंदाजवाल्यांनी ही युक्ती कधी वापरली नव्हती, उलट वापरणाऱ्यांना नावं ठेवली होती.

साडेचारला धाकट्या बहिणीचा फोन आला. गावाबाहेर तिची आणि मेव्हण्यांची वीटभट्टी होती. मोसमातली शेवटची भट्टी लावायची होती, माती मळून तयार होती, पण चार दिवस ती केवळ भावाच्या शब्दाखातर थांबली होती. एकदा का पावसाळी हवा बसली की कच्च्या विटा वाळणार कुठे?

"दादा, वाचलं रे. कोरडं म्हणतोयस. मग उद्या उजाडताच थापायला घेते. माणसं सांगून ठेवलीत. घेऊ ना?"

तोंडाशी आलं होतं त्यांच्या, नको घेऊस म्हणून. पण मग लिहिलेलं काय होतं? बहिणीला एक आणि गावाला एक असं कसं सांगायचं? "लिहिलंय तसंच आहे," ते म्हणाले आणि घाईघाईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पाऊस आला. आला म्हणजे काय, कोसळला. पाऊण तास समोरची टपरी दिसत नव्हती. तो थांबतो न थांबतो तोच मोठ्या साहेबांचा फोन. "शाब्बास! खालची ओळ घातलीत म्हणून वाचलो बघा. अनुभव तो अनुभव!" अंदाजवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर जरा बरं वाटलं असतं. त्यांनी टेबल तसंच टाकलं आणि भट्टीचा रस्ता धरला.

भट्टीच्या पटांगणात सकाळपासून थापलेल्या विटा होत्या. होत्या म्हणजे त्यांच्या रांगा कुठे होत्या ते अजून कळत होतं. ओल्या विटांवर प्लास्टिकचा कागद टाकला तरी त्या दबून बसतात, आणि तो टाकायलाही कुणाला सवड मिळाली नव्हती. बहीण, मेव्हणे आणि चार कामकरी बाया फावड्यांनी तो सगळा चिखल पुन्हा एका बाजूला ओढत होत्या. भावाला बघून बहिणीने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले.

"दादा, तू कशाला आलास रे एवढ्या चिखलात?"

"हेच का ते अंदाजवाले?" एक बाई फणकाऱ्याने म्हणाली. "कोरडं म्हणे!"

"ए, त्याला काही बोलायचं नाही," बहीण तिच्यावर खेकसली. "खाली लिहिलं होतं त्याने सरींचं. मीच नीट वाचलं नाही. माझा भाऊ काय मुद्दाम चुकीचं लिहील?"

बाई गप्प झाली. इथे अंदाजवाल्यांनीही गप्प बसायचं, की झालं. बहिणीने स्वतःच सगळं स्वतःवर घेतलं होतं. पण ती त्यांच्याकडे ज्या विश्वासाने बघत होती, ते त्यांना सोसेना. मान वर होईना, तशी चिखलाकडे बघतच ते म्हणाले, "लिहिलं. मुद्दामच लिहिलं. पाऊस येणार हे मला काल सकाळीच कळलं होतं. लोक हसत होते गं, म्हणून..."

फावडी थांबली. मेव्हण्यांनी तोंड फिरवलं. बहीण ना रडली, ना ओरडली. काल तिने फोन केला तेव्हाही त्यांना हे ठाऊक होतं, हा हिशोब तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जुळताना त्यांना दिसला. मग तिने खाली वाकून फावडं पुन्हा चिखलात घातलं.

ते पुढे झाले. "दे, मी ओढतो."

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला व्हा, आम्हाला काम करायचंय."