दारापर्यंतची ऊब

कुन्झेस आबीने आयुष्यात एकही गोष्ट पारखल्याशिवाय घरात आणली नाही. गाढव घेतलं तेव्हा त्याच्यावर बसून पूल ओलांडून आली, आणि मगच मालकाशी बोलली. लेहच्या दवाखान्यात कवळी बसवली, तर डॉक्टरसमोरच खिशातलं दगडासारखं वाळलेलं चीज काढून चघळत बसली. बाहेरची रांग खोळंबली ती खोळंबलीच. धाकट्यासाठी मुलगी बघायला गेली, तेव्हा मुलीला एक प्रश्न न विचारता थेट गोठ्यात शिरली आणि तिच्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "गाय परक्याला बिचकत नाही, म्हणजे या घरात कुणी आरडाओरडा करत नाही," असं म्हणून लग्न पक्कं केलं. सून सोन्यासारखी निघाली. तेव्हापासून या आजीपुढे बोलायची कुणाची टाप राहिली नाही.

त्यामुळे ऑक्टोबरात घरची बुखारी बुडातून फुटली, तेव्हा मुलाने कपाळाला हात लावला. हिवाळ्याचे सहा महिने अख्खं घर त्या धुराड्याच्या लोखंडी शेगडीभोवती एकाच खोलीत राहतं. नवी आणणं भागच होतं, आणि आणणार आबी.

घरची किटली काखोटीला मारून ती लेहच्या बाजारात गेली. प्रत्येक बुखारीवर किटली ठेवून बघायची, ती डुगडुगली की पुढचं दुकान. मग बोटाने पत्रा वाजवायचा.

"हा पत्रा आहे का पापड?"

"आबी-ले, सगळं लेह हीच बुखारी नेतं," दुकानदार म्हणाला.

"म्हणून सगळं लेह खोकतं."

एका दुकानात तर तिने बुखारीच्या पोटातच डोकं घातलं आणि आतून हाक मारून पाहिली. कशासाठी, ते तिचं तिला माहीत. संध्याकाळच्या बसने किटली जशी गेली तशी परत आली, आणि दुसऱ्या दिवशी आबी लुंडुप लोहाराच्या दारात उभी राहिली. फुटलेली बुखारी त्याच्याच बापाने घडवलेली, तेव्हा आधी इथेच यायला हवं होतं. हे तिला सांगणार कोण?

लुंडुप पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याने घरातली एकुलती एक गादी झटकून आबीला आपल्या बुखारीशेजारी बसवलं आणि स्वतः उभा राहिला. नवी बुखारी तयारच होती. जाड पत्रा, दारावर पितळेची फुलं. आबीने ते दार दहा वेळा आपटलं, धुराड्याचे सांधे चाचपले, किटली ठेवली. किटली हलली नाही. दोष सापडेना, तशी ती चिडली.

"ऊब दारापर्यंत पोचेल का?"

लुंडुप हसला. "दारापर्यंत कुठली ऊब पोचते, आबी-ले? बसून बघा एकदा दाराशी." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

गावात कुणाच्याही घरी बैठक भरली की लोहाराची जागा ओळीच्या टोकाला, दाराशी, चपलांजवळ. आबीच्या घरात तिथे आधी त्याचा बाप बसायचा, आता तो. पन्नास हिवाळे ती तिथे चहा घेऊन जात होती. गाढव पारखणाऱ्या बाईने ती एक जागा कधी पारखली नव्हती. आबीला लाज वाटली. या वयात लाज वाटायची सवय राहिलेली नसते, म्हणून आधी तिला वाटलं, छातीत कळ आली.

"घेते," ती उठत म्हणाली. "पण अट आहे. माझ्या खोलीत बसव, चांगल्या दिवशी पेटवू, माणसं बोलावू. प्रत्येक जागेवर ऊब लागली तरच माझी. नाहीतर उचलून न्यायची."

"प्रत्येक?"

"बहिरा झालास का?"

ठरल्या दिवशी शेजारीपाजारी जमले आणि नेहमीची ओढाताण सुरू झाली. "तुम्ही वर बसा." "छे, छे, तुम्ही वर." बाह्या ओढून झाल्या, ढकलून झालं. शेवटी आबीचे थोरले दीर, सगळ्यांचे आजोबा गेलसन मेमे, नको नको म्हणत, नेहमीसारखे बुखारीला लागून पहिल्या गादीवर बसले. त्यांच्या खाली अंगचुक मास्तर, मग बाकीचे. दाराशी लुंडुप. एवढ्या ओढाताणीत त्याची बाही कुणी ओढली नव्हती.

बुखारी भडकली. मेमेंनी टोपी काढली.

"लुंडुप, ऊब लागते का?" आबीने विचारलं.

"लागते, आबी-ले."

"हात बघू." तिने त्याचा हात धरला. "हा हात आहे का ओढ्यातला बर्फ? माल खोटा आहे. ने परत."

"अगं, इथे घाम फुटलाय!" मेमे ओरडले.

"तुमच्या घामाचं काय घेऊन बसलात? माझी अट सगळ्या जागांची आहे. लुंडुप, एक जागा वर सरक. लागते?"

"थोडी."

"थोडी चालणार नाही. अजून वर. मास्तर, तुम्ही खाली व्हा, शिकलेला माणूस तिथून नीट सांगेल."

मास्तर खाली सरकले, बाकीचेही दाटीवाटीने सरकले; दाराशी मात्र कुणी बसेना. माणसं हसत होती, मग हळूहळू हसेनाशी झाली. लुंडुपच्या कपाळावर घाम आला, पण तो बुखारीचा नव्हता. आता त्याच्या वर फक्त मेमे उरले. इथे आबी थबकली. म्हातारा चिडून उठून गेला, तर उद्यापासून लुंडुपला गावात दाराशीही कुणी बसू देणार नाही.

"मेमे-ले," ती मऊ आवाजात म्हणाली, "दाराची जागा तेवढी राहिली. तुमच्याइतके हिवाळे कुणी काढलेत? तुम्हीच सांगू शकाल."

मेमेंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. एवढे ते भोळे नव्हते. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दाराशी जाऊन बसले. फटीतून वारा थेट मानेवर येत होता. त्यांनी टोपी घातली. मग कानांवर ओढली.

"इथे गारठा आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "तू किती वर्षं बसतोस रे इथे?"

"बाबा गेले तेव्हापासून, मेमे-ले." लुंडुप घाईने उठायला लागला.

"बस तिथेच. मला घाम आला होता."

आबी किटली घेऊन पहिल्या गादीपाशी आली. चहा वरून सुरू होतो आणि मानाच्या पाहुण्याने रीतीप्रमाणे तीनदा नको म्हणायचं असतं. लुंडुपकडे किटली नेहमी शेवटी यायची, तळाशी. नको म्हणण्याइतकं तिच्यात काही उरलेलंच नसायचं. त्याने पेल्यावर हात धरला. "नको, आबी-ले." आबीने आग्रह केला. "नको, खरंच नको." तिने पुन्हा केला. त्याला हा खेळ मोडवेना. तिसऱ्यांदा तर त्याने दोन्ही हातांनी पेला झाकला.

तेवढ्यात दाराशी मेमे कडाडले.

"घे की रे लवकर! इथवर यायचाय तो चहा!"