जहाजातली दक्षिण

मी आर्किटेक्ट. भिंतीला हात लागल्याशिवाय भिंत मानत नाही. ‘असले’ अनुभव लिहिणाऱ्यांना मी आजवर मनसोक्त हसलेय... आता तुम्ही मला हसा.

नवरा केंद्र सरकारात, घर लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. मी नोएडातल्या एका गेम कंपनीसाठी अंतराळजहाजांची आतली रचना करते. जहाज खोटं असलं तरी त्यात माणसांना राहता आलं पाहिजे, हा माझा हट्ट. या जहाजात हवेचा पाइप इंजिनाकडून येत होता, म्हणून झोपायच्या सगळ्या बंकांच्या उशा इंजिनाकडे ठेवल्या. गंमत म्हणून बंकांना घरच्यांची नावं दिली.

सासरे, म्हणजे बाबा, लॅपटॉपमध्ये डोकावले. “यात दक्षिण कुठली गं?”

“अंतराळात कसली दक्षिण, बाबा! इंजिनाकडे समजा.”

“अच्छा, मग बिल्कुल ठीक. पाय दक्षिणेला नकोत. ते मेलेल्या माणसाचे करतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फाइल पाहिली, तर ‘बाबा’ बंक उलटा. पाय इंजिनाकडे! कुणीतरी चेष्टा केली असणार, असं म्हणून सरळ केला. स्क्रीन लॉक करून चहाला गेले, परत आले — पुन्हा उलटा. बाबांचं कालचं बोलणं आठवलं आणि मी घरी फोन लावला.

घरी बाबा एकटे होते. फोन उचलेनात. आमची किल्ली शेजारच्या भाभींकडे असते.

“भाभीजी, ज़रा देखिए ना, पापाजी फ़ोन नहीं उठा रहे।”

फोनवरच त्यांची किंकाळी ऐकली. बाबा स्वयंपाकघरात पडले होते, ओठ निळे. भाभींनीच गाडी काढून हॉस्पिटल गाठलं. हार्ट अटॅक. थोडा उशीर झाला असता तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

बाबा शुद्धीवर आले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी रडतच होते.

“मुग्धा, तुझ्या जहाजाबाहेर थंडी फार आहे गं.”

औषधांची गुंगी, मला वाटलं.

“आणि त्या टोकाच्या गोल दाराला बाहेरून हँडल नाहीये. किती वेळ वाजवत होतो मी. शेवटी खांद्याने ढकललं. बसव तेवढं.”

ते गोल दार मी अटॅकच्याच दिवशी सकाळी ऑफिसात आखलं होतं. घरी कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यापलीकडे फक्त अवकाश, म्हणून बाहेरच्या बाजूला हँडल दिलंच नव्हतं.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. खरं सांगू? लावायची भीती वाटते. हँडल मात्र बसवलं.

आमचा टीम लीड वैतागला. “यार मुग्धा, उस तरफ़ से कौन आएगा?”

“रहने दो,” मी म्हटलं.